निळ्या ऑफिस टाइमच्या नादात चोवीसशे गेले

राजेहो, जरा लाज वाटून राहिली पण लिहितो, कारण निळ्या ऑफिस टाइमचं बियाणं विकायचा ज्या व्हिडिओनं मला फसवलं, तोच आता आपल्या गावाकडच्या ग्रुपवर पण फिरतोय.

मी वरुडकडचा, संत्र्याच्या कलमांचं छोटंसं शेडनेट आहे. एका कोपऱ्यात बायकोच्या हौसेनं ऑफिस टाइम लावला होता, तेच ते सकाळी नऊ-दहाला उमलणारं आणि दुपारनंतर मिटणारं, जमिनीलगत पसरणारं फूल. कुंड्या अमरावतीला जातील असं डोक्यात होतं. तेवढ्यात जानेवारीत मोबाईलवर निळ्याशार डबल ऑफिस टाइमचा व्हिडिओ आला, एफ-वन म्हणजे हायब्रीड बियाणं, ५०० बियांचं पाकीट १२० रुपये. मी २० पाकिटांचे २,४०० रुपये लगेच टाकले, बिल मागितलं नाही, पाकिटावर लॉट नंबर आहे का तेही विचारलं नाही. इथंच खरं म्हणजे मी गेलो.

पाकिटं आली तर बी काळंकुट्ट. ऑफिस टाइमचं बी करडं असतं, शिसपेन्सिलच्या टोकासारखं चमकतं, आणि इतकं बारीक की एका ग्रॅममधे साधारण दहा हजार बसतात. म्हणजे सगळा माल मिळून ग्रॅमभर! रंग मला तेव्हाच खटकला होता पण म्हटलं हायब्रीड असेल.

फेब्रुवारीत कोकोपीटच्या ट्रेमधे बारीक रेतीत मिसळून टाकलं, वरून काही झाकलं नाही कारण ह्याला उगवायला उजेड लागतो, फक्त हातानं दाबलं आणि फवाऱ्यानं पाणी. आठव्या दिवशी ट्रे हिरवेगार! मी बियाणं विकणाऱ्या त्या माणसाला फोटो पाठवून धन्यवाद पण दिले, विचार करा.

मग पानं रुंद व्हायला लागली. ऑफिस टाइमचं पान सुईसारखं गोल, लांबट, आणि हे चपटं, चमच्यासारखं. विचारलं तर म्हणे, भाऊ ही रुंद पानाची जात आहे. अशी मोठ्या फुलाची जात असते पण, म्हणून मी गप्प बसलो. माणूस निव्वळ खोटं बोलला असता तर लवकर पकडला असता, हा अर्धं खरं बोलत होता. मार्च संपता संपता फुलं आली, नखाएवढी, पिवळी. आई ट्रेजवळ उभी राहून म्हणाली, "काऊन रे, हे तं घोळ होय! ह्याले काऊन फवाऱ्यानं पाणी देऊन राहिला?"

वावरात बाया रोजानं लावून जी घोळ आपण निंदून फेकतो ती मी नेटमधे बाळासारखी वाढवली. दोन दिवस तुरीच्या डाळीत घोळच खाल्ली घरी.

अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकणारा भाचा आला तेव्हा कळलं की निळा ऑफिस टाइम निघणंच कठीण. ह्या झाडांत बीटासारखा रंग असतो, त्यातून लाल, गुलाबी, पिवळा, केशरी होतो, निळा नाही. निळी फुलं ज्या रंगद्रव्यामुळे बहुतेक होतात ते ह्या कुळात बनतच नाही, व्हिडिओतला निळा मोबाईलवर केलेला. आणि तो मला हसलाच, मामा, शेजारून चार फांद्या आणून खोचल्या असत्या तरी लागल्या असत्या. ते खरंच आहे, बोटभर फांदी मातीत खोचा, आठ-दहा दिवसांत मुळ्या धरते, बियाण्याच्या मागे लागायचं कामच नाही.

तोवर बियाणंवाल्यानं माझा नंबर ब्लॉक केलेला. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० वर फोन केला, तक्रार घेतली त्यांनी, पण पैसे जाऊन दोन महिने झालेले. तो फोन पैसे गेल्यागेल्या करायचा असतो, थांबवता आले तर तेव्हाच येतात. पाकिटं आणि पैसे टाकल्याचा स्क्रीनशॉट मात्र ठेवलाय.

आता घोळीच्या बोंडातून बी सगळीकडे सांडलंय. परवा संत्र्याच्या कलमांच्या पिशव्या पाहिल्या तर पिशवीपिशवीत दोन-दोन, चार-चार उगवून राहिली, आणि निंदायला मीच बसतो, रोजदार लावायची सोय कुठंय.