तयार संच की फिरती यादी? घरी शिकवणाऱ्या आईचा आठवडा

मुलांना घरीच शिकवायचं, हे ज्यांचं ठरलेलं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ते का, हा प्रश्न तुम्ही नवऱ्याशी बोलून, प्रार्थनेत ठेवून सोडवला असेल. माझा विषय त्यापुढचा आहे. सोमवारी सकाळी टेबलावर नेमकं काय ठेवायचं?

मी दोन्ही करून पाहिलं. आधी दोन वर्षं तयार ख्रिस्ती अभ्याससंच, आणि नंतरची दोन वर्षं इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांच्या पद्धतीचे छोटे पाठ, तेही फिरत्या यादीवर, म्हणजे विषय वारांना न बांधता एकामागून एक घेत. थोरली आता दहाची, मधला आठचा, धाकटी चारची. म्हणजे संच वापरला तेव्हा दोघं शिकणारी होती आणि एक मांडीवर. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा, कारण माझ्या मताचा निम्मा भाग त्या मांडीवरच्या बाळाने ठरवला आहे.

संच उघडला की पहिल्यांदा हायसं वाटतं, हे मान्य करायलाच हवं. बहुतेक संच ३६ आठवडे आणि आठवड्याला ५ दिवस, म्हणजे १८० दिवसांची आखणी करून येतात. आज काय वाचायचं, काय विचारायचं, उत्तर काय, सगळं मार्गदर्शिकेत. आई आजारी पडली तर बाबा पुस्तक उघडून त्याच पानापासून सुरू करू शकतात. जिथे सरकारला नोंदी दाखवाव्या लागतात, तिथे भरलेली पानं आयतीच तयार असतात. आणि ‘पोरं दिवसभर करतात तरी काय?’ असं विचारणाऱ्या सासूबाईंच्या हातात ठेवायलाही काहीतरी असतं. हसू नका, पहिल्या वर्षी याची फार गरज पडते.

मेसनबाईंच्या पद्धतीत यातलं काहीच आयतं मिळत नाही. सहा वर्षांच्या आत औपचारिक पाठ नाहीत. त्यानंतरही लहानांचा एक पाठ फार तर १५ ते २० मिनिटांचा. चांगल्या भाषेतलं पुस्तक एकदाच वाचायचं, आणि मुलाने ते आपल्या शब्दांत सांगून दाखवायचं. रोज भरपूर वेळ घराबाहेर. ऐकायला सोपं वाटतं, पण पुस्तकं आईनेच शोधायची आणि आधी वाचून ठेवायची, त्यात माझी शनिवारची संध्याकाळ जाते. सांगून दाखवणं तर सुरुवातीला फसतंच. मधल्याला बायबलमधली योसेफाची अख्खी गोष्ट वाचून दाखवली तर तो म्हणाला, ‘भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं. मग बरं झालं.’ संपलं. तीन महिने असंच चाललं होतं.

मग मी बदललं कशासाठी?

राहिलेल्या पानांसाठी. आखणीचा कागद धरून चालतो की प्रत्येक दिवस पूर्ण होणार. लहान मुलांच्या घरात तसं होत नाही. मंगळवारी एकाला ताप, गुरुवारी बाळ रात्रभर जागं, आणि मंगळवारचे टिक करायचे सहा चौकोन रिकामे. ते बुधवारच्या अंगावर येतात, बुधवारचे गुरुवारच्या. गणित आणि वाचन मागे पडलं तर छातीत धस्स होतं, म्हणून ते आधी उरकायचं. मग मागे ढकलायला उरतं काय? जे न केल्याने कुणी काही विचारणार नाही, ते. आमच्या घरी दर वेळी तो मान पवित्र शास्त्राच्या पाठाच्या वर्कबुकला मिळायचा.

हे मला बरेच महिने दिसलंच नाही. एका रविवारी उपासनेहून आल्यावर दुपारी मी दोघांना टेबलाशी बसवून आठवड्याची साचलेली पानं भरून घेत होते. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. बाळ रडत होतं, माझा आवाज चढलेला. थोरलीने वचनातला शेवटचा शब्द लिहिला, पेन्सिल ठेवली आणि विचारलं, ‘आता टिक कर ना, मग देवाचं झालं ना?’

ज्यासाठी घरी शिकवायचं ठरवलं होतं, तेच आठवड्याच्या शेवटी थकबाकीसारखं वसूल करत होते, आणि तेही विश्रांतीच्या दिवशी. संच वाईट होता असं मी म्हणत नाही. पाठ नीट लिहिलेले होते. मीही जरा सैल सोडायला शिकायला हवं होतं. काही आया रिकामा चौकोन बघून पान उलटतात, मला ते जमत नाही. तुम्हाला जमत असेल तर माझी अर्धी तक्रार तुम्हाला लागूच नाही.

फिरत्या यादीत राहिलेलं असं काही नसतं, हा तिचा सगळा गुण. इतिहास, निसर्गवही, चित्र पाहणं, भूगोल, गाणं असे विषय वारांना न बांधता एकाखाली एक लिहायचे. आज दोन झाले तर दोन. उद्या तिसऱ्यापासून. ताप आला तर यादी तिथेच थांबते, वाट बघते. गणित आणि वाचन मात्र मी यादीत टाकत नाही. त्यांना क्रम लागतो, ते रोज, थोडं का होईना. शास्त्रवाचनही यादीत नाही. ते सकाळी सगळ्यात आधी, तिघांना एकत्र, एकच उतारा. धाकटी मध्येमध्ये लुडबुडते, चालतं. संचात थोरली पौलाच्या प्रवासात असायची आणि मधला नोहाच्या तारवात. आता सगळं घर एकाच गोष्टीत असतं, आणि रात्री दिवे मालवताना तीच गोष्ट पुन्हा निघते. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता बोलायला सांगितलं आहे. ते चौकोनात बसवायचा माझाच हट्ट होता.

एक कबुली द्यायला हवी. फिरती यादी मेसनबाईंची नव्हे. त्यांच्या शाळांचं वेळापत्रक चांगलं काटेकोर असे. ही जोडणी नंतरच्या आयांची. आणि मेसनबाईंना स्वतःची मुलं नव्हती, हे एखाद्या वाईट बुधवारी मला फार आठवतं.

उलट बाजूची साक्षही भक्कम आहे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लींच्या आई सुझाना, त्यांना १९ मुलं झाली, १० जगली. इंग्लंडमधल्या एपवर्थच्या पाळकघरात त्या रोज सहा तास शाळा घेत, सकाळी तीन आणि दुपारी तीन. मूल पाच वर्षांचं झालं की दुसऱ्या दिवशी मुळाक्षरं, आणि बहुतेकांनी ती एका दिवसात उचलली. त्यांच्यापुढे वेळापत्रकाविरुद्ध मी काय बोलणार! पण मी त्यांची एक वेगळीच गोष्ट घेतली. दर संध्याकाळी त्या एकेका मुलाशी एकट्याने बोलत. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. आमच्याकडे तीनच मुलं, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार. अर्धा तास, हातात पुस्तक नाही. मधला एरवी चार वाक्यांत गोष्ट आटपतो, पण बुधवारी तोच योसेफाला खड्ड्यात अंधाराची भीती वाटली असेल का, यावर बोलत बसतो.

अभिजात ख्रिस्ती पद्धतीबद्दलही विचारणा होते. तिचा आजचा प्रसार बराचसा इंग्लिश लेखिका डोरोथी सेयर्स यांच्या १९४७ च्या ऑक्सफर्डमधल्या भाषणामुळे झाला. लहानपणी भरपूर पाठांतर हा तिचा पहिला टप्पा. मी तिथून वचनं तोंडपाठ करण्याची सवय उचलली, बाकीचं मुलं मोठी झाल्यावर बघू.

तर ठरवायचं कसं? पहिलंच वर्ष असेल, बाहेरची नोकरी सांभाळून करणार असाल, किंवा वर्षाभरात मुलं शाळेत परतण्याची शक्यता असेल, तर संच घ्या. त्यातला शास्त्रपाठ तेवढा बाजूला ठेवा आणि सरळ पवित्र शास्त्रातून वाचा. घरात तान्हं असेल, मुलांच्या वयात अंतर असेल, किंवा माझ्यासारखा रिकामा चौकोन डोळ्यांत खुपत असेल, तर मी तरी यादीकडेच बोट दाखवीन. सहा आठवडे करून बघा. दोन आठवड्यांत काहीच कळत नाही, तेवढ्यात फक्त घाबरायला होतं.

आमच्या संचाची बरीच पानं अजून कोरी पडून आहेत. एका बाजूने छापलेली, म्हणून धाकटी पाठकोऱ्या बाजूवर चित्रं काढते. काल तिने तारू काढलं, आत एकच प्राणी. दुसरा उद्या, म्हणाली.