मुंबई ते न्यूयॉर्क: विमान-अंतर कॅल्क्युलेटर आठ महिने वापरून

अंतरासाठी हे कॅल्क्युलेटर उत्तम. वेळेसाठी मात्र जपून वापरा.

दोन विमानतळांचे कोड टाकले की अंतर आणि उड्डाणाची वेळ समोर येते. कोडच टाका, शहराचं नाव नको. न्यूयॉर्क म्हटलं की जेएफके की नेवार्क, गोवा म्हटलं की दाबोळी की मोपा, हे ते स्वतःच ठरवून मोकळं होतं.

मुंबई (बीओएम) ते जेएफके अंतर येतं सुमारे 12,540 किमी. आकडा बरोबर आहे, पण तो पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या रेषेचा. ती रेषा पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशियावरून थेट आइसलंडच्या आसपास चढते आणि मग खाली उतरते. प्रत्यक्षात भारतीय विमानांना एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश बंद आहे, त्यामुळे सुरुवातीलाच अरबी समुद्रावरून वळसा पडतो.

वेळेचा घोळ इथूनच सुरू होतो. कॅल्क्युलेटर अंतराला ताशी 900 किमीने भागतं, म्हणजे 13 तास 56 मिनिटं, आणि वर अर्धा तास चढवतं. जाताना वेळापत्रकात असतात साधारण 16 तास! वळसा, धावपट्टीपर्यंतचं रांगणं आणि समोरून येणारा पश्चिमेचा वारा, यातलं काहीच त्याच्या हिशेबात नाही. परतीला तोच वारा पाठीशी असतो, म्हणून येताना आकडा बराच जुळतो. जाण्यायेण्याला एकच वेळ दाखवणं ही या साधनाची सगळ्यात मोठी उणीव.

एकक नीट बघा. याच अंतराचा 6,771 हा आकडा नॉटिकल मैलांचा आहे (1 नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किमी). साधे मैल समजून किलोमीटर काढले, तर 1,600 किमीहून जास्त अंतर गायब होतं.

तिकिटावरून खरी वेळ काढणं सोपं आहे. मुंबईहून रात्री 2 ला निघालं, तिथे त्याच तारखेला सकाळी 7:30 ला पोचलं. दोन्हीकडच्या घड्याळांतला हिवाळ्यातला फरक 10 तास 30 मिनिटं, तो मिळवला की 16 तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत मात्र फरक 9:30 धरायचा. इथे एक तास हमखास चुकतो. त्यानंतर फ्लाइटरडार24 या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्याच फ्लाइट नंबरच्या मागच्या आठवड्यातल्या फेऱ्या बघून घ्या.

कॅल्क्युलेटर खरं कामाला येतं ते थांबा निवडताना. लंडनमार्गे 7,210 अधिक 5,540, म्हणजे 12,750 किमी. दुबईमार्गे 1,930 अधिक 11,020, म्हणजे 12,950. थेटपेक्षा जेमतेम 200 आणि 400 किमी जास्त, हवेतला अर्धा तास फार तर. बाकीचे तास जातात ते थांब्यात, म्हणून तिकीट घेताना किलोमीटर नव्हे, दोन विमानांमधली वेळ आधी बघा.