ट्रेलरच्या टायरसाठी टीपीएमएस: ॲरिझोनातला उन्हाळा-हिवाळा काढल्यानंतर

ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस (टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम), कंपनीनेच बसवून दिलेली असते, मग ट्रेलरसाठी वेगळी कशाला घ्यायची, असं इथे फिनिक्सच्या आसपास नवा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेणारी आपली माणसं हमखास विचारतात. माझं मत ठाम आहे. ट्रकला एक वेळ नसली तरी चालेल, ट्रेलरला मात्र हवीच.

ट्रकच्या चाकातली हवा कमी झाली की स्टिअरिंग जड होतं, गाडी एका बाजूला ओढते, बसल्या जागी कळतं. ट्रेलरचं चाक पाठीमागे तीस-चाळीस फुटांवर असतं. त्यात दोन एक्सलचा ट्रेलर असेल तर एका चाकाची हवा गेली तरी शेजारचं चाक त्याचाही भार उचलतं आणि ट्रेलर सरळ चालत राहतो. बसलेला टायर चुरगळत तापतो, फाटतो, आणि त्याचे तुकडे चाकावरच्या पत्र्याला, फरशीखालच्या वायरींना, कधी गॅसच्या नळीलाही फटकारतात. शेजारचा टायर तोवर झेपणार नाही इतकं वजन घेऊन पळालेला असतो, म्हणून पुष्कळदा तोही पाठोपाठ जातो.

फोर्ड एक्सप्लोररवरच्या फायरस्टोन टायरच्या अपघातांनंतर अमेरिकेत 2000 साली ट्रेड (TREAD) नावाचा वाहनसुरक्षेचा कायदा आला आणि त्यातून सप्टेंबर 2007 पासून 10,000 पौंडांपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांना टीपीएमएस सक्तीचं झालं. ट्रेलर त्या सक्तीत नाहीत. शिवाय त्या नियमातला इशारा ठरलेल्या दाबापेक्षा हवा 25 टक्के कमी झाल्यावर मिळतो, आणि भरलेल्या ट्रेलरसाठी तेवढं थांबून चालत नाही. माझे टायर एसटी (खास ट्रेलरचे) 225/75 आर 15, लोड रेंज (भार पेलण्याचा वर्ग) डी. त्यांची क्षमता 65 पीएसआयला (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंडांत मोजलेला हवेचा दाब) 2,540 पौंड, पण 50 पीएसआयला फक्त 2,150. पाणी, सामान भरून ट्रकस्टॉपच्या वजनकाट्यावर नेलं तेव्हा ट्रेलरच्या एक्सलवर 8,700 पौंड भरले, म्हणजे चारपैकी दर चाकाला सरासरी 2,175. पंचवीस टक्के हवा गेल्यावर घंटा वाजली तर तोपर्यंत टायर क्षमतेबाहेर गेलेला असेल. म्हणून इशाऱ्याचे आकडे स्वतः ठरवता येतील असाच संच घ्या. ही माझी पहिली अट.

दुकानात गेल्यावर मात्र सगळं लक्ष स्क्रीनकडे जातं. रंगीत आहे का, फोनवर दिसतं का, सोलरवर चालतं का. इतके महिने वापरल्यावर सांगतो, स्क्रीन शेवटी बघा. आधी व्हॉल्व्ह आणि सिग्नल बघा.

हवेचा दाब मोजून स्क्रीनला कळवणारे, बाहेरून बसणारे सेन्सर दोन प्रकारचे. एक टोपीसारखा, व्हॉल्व्हवर फिरवून घट्ट करायचा. दुसऱ्यातून हवा आरपार भरता येते, सेन्सर काढावा लागत नाही. दुसरा सोयीचा, पण लांब आणि जड. रबरी व्हॉल्व्हवर तो चाकाबरोबर फिरताना सतत हेलकावे खातो आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी रबर चिरतं. दोन्ही प्रकारांत सेन्सर व्हॉल्व्हची पिन दाबून ठेवतो, म्हणजे हवा अडवण्याचं काम सेन्सरच्या छोट्या रबरी वॉशरवर येतं. हे समजल्यावर मी टायरवाल्याकडून चारही चाकांना आणि स्टेपनीला नटाने आवळायचे धातूचे व्हॉल्व्ह बसवून घेतले आणि टोपीचे सेन्सर निवडले. साध्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादाच 65 पीएसआयची, त्यामुळे तसेही ते बदलायचेच होते. हा खर्च संचाच्या किमतीत धरून चला. सेन्सर बसवल्यावर प्रत्येक व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का बघा. पितळी आटे आणि ॲल्युमिनियमचा सेन्सर एकत्र आले की गंज धरून जाम होतात, म्हणून आट्यांना अगदी किंचित डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं सिलिकॉनचं ग्रीस) लावा.

सिग्नलचं म्हणाल तर संचाबरोबर रिपीटर (सेन्सरचा सिग्नल घेऊन जोरात पुढे पाठवणारा डबा) नसेल तर तो वेगळा घ्याच. पहिल्या फेऱ्यांत माझं मागच्या एक्सलचं उजवं चाक स्क्रीनवरून अधूनमधून गायब व्हायचं. मध्ये ट्रकची आणि ट्रेलरची मिळून इतकी धातूची भिंत असते की चाकाजवळून निघालेला क्षीण सिग्नल ड्रायव्हरपर्यंत पोचत नाही. रिपीटर ट्रेलरच्या पुढच्या टोकाला बॅटरीजवळ जोडल्यापासून तक्रार उरली नाही.

आता आकड्यांबद्दल. फिनिक्सहून आय-17 महामार्गाने फ्लॅगस्टाफला चढलो की ट्रेलर साधारण 1,100 फुटांवरून 6,900 फुटांवर जातो. फिनिक्सला 95 अंश फॅरेनहाइटला 65 भरलेला टायर दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लॅगस्टाफच्या 40 अंशांत 60 च्या आसपास दिसतो. थंडीमुळे दाब उतरतो, उंचीवर बाहेरची हवा विरळ म्हणून थोडा परत मिळतो, आणि हिशोब तिथे येऊन थांबतो. गळती कुठेच नसते. माझा खालचा इशारा 58 वर आहे, त्यामुळे अशा सकाळी उगाच घंटा वाजत नाही. तरी निघण्याआधी, चाकं थंड असतानाच, हवा परत 65 करतो. परतीला खाली उतरल्यावर आकडे वर जातात. तेव्हा तापलेल्या टायरमधून हवा काढायची नाही. टायर थंड झाल्यावर बघायचं. वरचा इशारा मी 80 वर ठेवला आहे आणि भर जुलैतही तो वाजलेला नाही. उन्हाच्या बाजूची चाकं तीन-चार पीएसआय जास्त दाखवतात, हे सवयीने ओळखू येतं.

पैसे वसूल झाले ते आय-40 वर, विन्स्लोच्या पुढे. तीन चाकं 73-74 दाखवत होती आणि मागचं डावं 69. काही मिनिटांनी 66, मग 62. घंटा अजून वाजली नव्हती. आरशात ट्रेलर एकदम सरळ, हाताला काहीही जाणवत नव्हतं. पुढच्या एक्झिटला बाहेर पडून सपाट जागा गाठेपर्यंत 57 झाले आणि घंटा वाजली. टायरमध्ये स्क्रू रुतलेला होता. स्टेपनी लावली आणि पुढे निघालो. त्या टायरचं पंक्चर काढता आलं, कारण तो बसलेल्या अवस्थेत धावलाच नव्हता. हे सेन्सर ठराविक अंतराने माहिती पाठवतात आणि दाब झपाट्याने पडू लागला तर लगेच. पण मला घंटेपेक्षा चारही आकडे शेजारी शेजारी दिसणं मोलाचं वाटतं. एक चाक बाकीच्यांपासून फुटून निघालं की डोळ्याला तत्काळ कळतं. आळीपाळीने एकेक चाक दाखवणारा स्क्रीन म्हणूनच मला पसंत नाही.

तापमानाच्या आकड्यावर फार विसंबू नका. टोपीचा सेन्सर व्हॉल्व्हच्या टोकाला वाऱ्यात असतो, टायरच्या आतली उष्णता त्याला पूर्ण कळत नाही. त्याने बेअरिंग किंवा ब्रेक तापल्याची कुणकुण लागू शकते, एवढंच. रिमवर आतून बसणारे सेन्सर या बाबतीत सरस, पण त्यासाठी टायर उतरवावा लागतो. आतला मजबुतीचा पट्टा (बेल्ट) सुटून एका क्षणात फुटणारा टायर मात्र कुठलीच यंत्रणा आधी सांगू शकत नाही. त्यासाठी टायर किती जुना आहे ते बघा: टायरच्या बाजूवर ‘DOT’ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन बनवल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायरवर वेगळी वेगमर्यादा छापलेली नसेल तर ताशी 65 मैलांच्या वर जाऊ नका.

बॅटरी बदलता येणारेच सेन्सर घ्या. माझ्यात नाण्यासारखे सीआर 1632 सेल आहेत, कुठेही मिळतात. ट्रेलर महिनोन् महिने उभा राहणार असेल तर सेन्सर काढून, चाकाचा नंबर लिहून डब्यात ठेवा आणि व्हॉल्व्हला साध्या टोप्या लावा. स्टेपनीसाठी पाचवा सेन्सर जरूर घ्या. ती बंपरखाली उन्हात लटकत असते, आणि तिची हवा कोणी तपासत नाही.