कार अलार्म अवेळी वाजतोय: ऑटो इलेक्ट्रिशियन की कंपनीचं सर्व्हिस सेंटर?

आधी एवढंच बघा: अलार्म गाडीसोबत कंपनीकडून आलाय, की नंतर म्हापशा-मडगावच्या एखाद्या ॲक्सेसरीच्या दुकानात बसवून घेतलाय? निम्मा निर्णय तिथेच होतो.

बाहेरून बसवलेला असेल तर सर्व्हिस सेंटरला फेरी मारू नका. बहुधा 'हे आमचं नाही, काढून टाका' एवढंच ऐकायला मिळेल, आणि त्यांचंही खोटं नाही. त्या वायरिंगची त्यांना काय माहिती? ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखालून मात्र असली किट रोज जातात. डॅशबोर्डच्या आत हादरा ओळखणारा छोटा सेन्सर असतो आणि तो किती तिखट ठेवायचा, यासाठी बहुतेक किटमध्ये बारीकसा स्क्रू असतो. रस्त्यालगत उभ्या केलेल्या गाडीजवळून अवजड ट्रक गेला की अलार्म वाजतो, किंवा नरकासुराच्या रात्री फटाक्यांनी सगळा वाडा उठवतो, तर गाडीत बिघाड काहीच नाही. स्क्रू थोडा मागे घ्यायचा. पार मागे नको, नाहीतर काच फुटली तरी गप्प बसेल. वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळली असेल, तर ते जोड सोल्डर करून घ्या. आपल्या दमट हवेत तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही.

कंपनीचा अलार्म असेल तर माझं मत सर्व्हिस सेंटरकडे झुकतं, निदान वॉरंटी असेपर्यंत. बाहेर कुणी वायर कापली की पुढे क्लेमच्या वेळी वाद ठरलेला. शिवाय शेवटचा अलार्म दारामुळे वाजला, डिकीमुळे की बॉनेटमुळे, हे काही मॉडेलांत त्यांच्या स्कॅनरवर दिसतं. टेस्ट लॅम्प घेऊन शोधत बसावं लागत नाही. खटकतं एकच: नुसता साफ करून चालला असता असा स्विचही तिथे बदलला जातो, आणि बिल फुगतं.

म्हणून दोघांकडेही जाण्याआधी दोन गोष्टी घरीच करा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला सकाळी, स्टार्ट करण्याआधी, मल्टिमीटर लावा. तो काही शे रुपयांत मिळतो. 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. 12 च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करून तपासून घ्या, कारण व्होल्टेज घसरलं की काही अलार्मना कुणीतरी वायरला हात घातल्यासारखं वाटतं.

दुसरा संशयित बॉनेटचा स्विच. करंजाळे, मोरजीसारख्या किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने तो गंजतो, आणि बॉनेट बंद असूनही अलार्मला ते उघडं वाटतं. कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) मारून दोन-तीन रात्री वाट बघा. उकाड्यामुळे काच बोटभर खाली ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. आतली हालचाल टिपणारा सेन्सर असलेल्या गाडीत वाऱ्यानेही अलार्म वाजतो.

आज रात्रीपुरती शांतता हवी असेल तर रिमोट वापरू नका, दाराला किल्ली लावून गाडी लॉक करा. अनेक गाड्यांत तसं केल्यावर अलार्म चालूच होत नाही. इमोबिलायझर, म्हणजे खऱ्या किल्लीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा, वेगळा असतो, तो आपलं काम करत राहतो.