मराठी प्रबंधासाठी झोटेरो: वर्षभराच्या वापरानंतर

माझा प्रबंध एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वृत्तपत्रांवर आहे. मराठीतच लिहितेय आणि संदर्भ तळटिपांत देतेय. हे आधीच सांगते, कारण झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं जे कौतुक वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्रजी जर्नल, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) आणि एपीए शैली (संदर्भ लिहिण्याची एक ठरलेली पद्धत) एवढ्याच जगातलं असतं. त्या जगात ते खरंच आहे म्हणा. ब्राउझरमधलं बटण दाबलं की लेखाचं नाव, लेखक, अंक, पानं सगळं संग्रहात येऊन पडतं. शैली बदलली की अख्खी सूची नवं रूप घेते. एखादा लेख जर्नलने मागे घेतला असेल तर तसा इशाराही मिळतो. आणि हे सगळं फुकट. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रातून हे सॉफ्टवेअर निघालं आणि आजही ते मुक्तस्रोत आहे.

मला मात्र ते ‘तत्रैव’साठी, म्हणजे ‘वरच्याच ग्रंथात’ या खुणेसाठी आवडलं. तळटिपा हाताने घालणाऱ्यांना यातलं दुखणं माहीत असेल. तीन टिपा ओळीने एकाच ग्रंथाच्या असल्या की दुसरी-तिसरी ‘तत्रैव’. मार्गदर्शक म्हणतात, हा परिच्छेद दोन पानं मागे न्या. नेला, की तो ‘तत्रैव’ आता भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतो, आणि डोळ्यांना काहीच खटकत नाही, कारण शब्द तर बरोबरच असतो! परीक्षकांनी पकडेपर्यंत तो तसाच राहतो. झोटेरोत टीप म्हणजे संग्रहातल्या नोंदीशी जोडलेला धागा. परिच्छेद हलवला, मध्ये नवी टीप घुसवली, की रिफ्रेश केल्यावर कुठे पूर्ण संदर्भ द्यायचा आणि कुठे ‘तत्रैव’ हे तेच ठरवतं. प्रकरणांची उलथापालथ करायची माझी भीती यामुळेच गेली.

पण ते ‘तत्रैव’ आयतं मिळत नाही. तयार शैलींमध्ये इंग्रजी ‘इबिड’ येतं, संपादकाला ‘एड’, पानाला ‘पी’. शैली ही साध्या मजकुराची फाइल असते आणि सेटिंगमध्येच शैली-संपादक असतो. तिथे शिकागो या संदर्भपद्धतीतल्या, ‘इबिड’ वापरणाऱ्या तळटीप शैलीची प्रत घेऊन ‘तत्रैव’, ‘संपा.’, ‘पृ.’, ‘व इतर’ हे शब्द भरले. कोडिंग येत नसलं तरी जमतं, फक्त कंस जपायचे. प्रतीला नवं नाव आणि नवा आयडी द्यायला विसरू नका, नाहीतर मूळ शैली अद्ययावत झाली की तुमचे बदल पुसले जातील. एका दस्तऐवजाला एकच भाषा चालते, त्यामुळे इंग्रजी ग्रंथांपुढेही माझ्याकडे ‘संपा.’च येतं. मराठी प्रबंधात ते शोभतं असं माझं मत. विभागाला विचारून घ्या.

खरी मेहनत नोंदी भरण्यात आहे. जुन्या मराठी ग्रंथांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, नसतो. नव्यांचा टाकला तर परदेशी ग्रंथालयाच्या सूचीतली नोंद येऊ शकते, रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं. ती देवनागरीत करण्यापेक्षा कोरी नोंद हाताने भरणं लवकर होतं. ‘लोकहितवादी’सारख्या टोपणनावाला नाव-आडनाव असे दोन रकाने नकोत, शेजारच्या छोट्या बटणाने एकच रकाना करा. केसरीतल्या बिनसहीच्या अग्रलेखाला लेखकाचा रकाना रिकामाच ठेवते. लेखक टिळकच असणार असं वाटलं तरी ते टिपेत चर्चा करून लिहावं, नोंदीत घुसडू नये.

तारखांना जरा जास्त जपावं लागतं. तारखेच्या रकान्यात मी इंग्रजी आकडेच टाकते. शेजारी वाय-एम-डी ही अक्षरं उमटली म्हणजे वर्ष, महिना, दिवस समजले. मुखपृष्ठावर फक्त शक असेल तर ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. मूळ शक मी ‘एक्स्ट्रा’ रकान्यात नोंदवून ठेवते. पुनर्मुद्रण वापरत असाल तर त्याच रकान्यात ‘ओरिजिनल डेट’ म्हणून पहिल्या आवृत्तीचं साल द्या. एपीएसारख्या शैली ते उचलून दोन्ही सालं छापतात, आणि १८९० चं लेखन १९६५ चं वाटत नाही.

दोन गोष्टींसाठी वेगळी सोय करावी लागली. झोटेरोचा फुकट ऑनलाइन साठा ३०० एमबी. नोंदींना तो लागत नाही, पण स्कॅन केलेल्या फायलींना लागतो, आणि पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे सरदेसाईंनी संपादित केलेले ४५ भाग स्कॅन करून ठेवायचे म्हटले तर तो किती पुरणार! मी फायली संगणकावर ठेवून फक्त दुवे जोडते. दुसरं म्हणजे संदर्भसूचीचे विभाग. मूळ साधनं, मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिकं असे भाग आपल्याकडे लागतातच. झोटेरो एका दस्तऐवजात एकच सलग सूची करतं. त्यामुळे विभागणी शेवटी हाताने करायची, आणि तीही प्रतीवर. टिपांचे झोटेरोशी जोडलेले धागे तोडायची आज्ञा मूळ फाइलवर कधीच देऊ नका; तोडलेले धागे पुन्हा जुळत नाहीत.

अशीच दुसरी सॉफ्टवेअर म्हणजे एंडनोट आणि मेंडेली. एंडनोटला पैसे पडतात. मेंडेली एल्सेव्हिअर या जर्नल-प्रकाशकाच्या मालकीचं आहे आणि आपल्या संग्रहाचा मालक प्रकाशक असावा हे मला पटत नाही, म्हणून तिकडे गेले नाही. पंधरा-वीस संदर्भांचा एखादा लेख लिहायचा असेल तर यातलं काहीच नको, हाताने लिहा. प्रबंध असेल तर पहिलं प्रकरण सुरू करण्याआधी झोटेरो बसवा. अर्ध्यावर घ्यायचं झालं तर आधीच्या टिपा एकेक करून पुन्हा जोडाव्या लागतात, आणि विभागातल्या एका सहकारी मुलीची अख्खी दिवाळीची सुट्टी त्यातच गेली.