लाकडी होडी की फायबरची, आणि राजीनामा केव्हा

नोकरी सोडून एखादी जुनी शिडाची होडी घ्यावी, ती स्वतःच्या हाताने दुरुस्त करावी आणि खाडीखाडीतून हिंडावे असे मनात असलेले बहुतेक जण आधी राजीनाम्याची तारीख ठरवतात आणि मग होडी शोधू लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. कोकण किनाऱ्यावर बेताचा पैसा असलेल्या माणसापुढे मुख्यतः दोन पर्याय येतात, मासेमारीतून बाजूला पडलेली लाकडी होडी किंवा हौशी मालकाने विकायला काढलेली फायबरची छोटी नौका, आणि यांपैकी कोणती घेतली यावरच नोकरी सोडणे भाग आहे की नाही हे ठरते.

लाकडी होडी स्वस्त पडते, कारण मच्छीमारच फायबरकडे वळल्याने ती झावळ्यांखाली नुसती पडून असते. किमतीला भुलण्याआधी मात्र दाभण घेऊन जावे आणि पाण्याच्या रेषेलगत, नाळेपाशी म्हणजे पुढच्या टोकाशी व खिळ्यांच्या भोवती टोचून पाहावे. मी पाहिलेल्या एका होडीला ताजा निळा रंग होता. दाभण फळीत मुठीपर्यंत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्याला ओला, काळा भुगा चिकटला होता. एक-दोन फळ्या बदलता येतात, पण तळाचा कणाच कुजला असेल तर ती होडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. लोखंडी खिळे गंजले की भोवतालचे लाकूडही मऊ पडते, त्यामुळे साग शाबूत दिसला तरी पुष्कळदा खिळ्यांपायी फळ्या उकलाव्या लागतात. जुन्या लाकडावर फायबरचा थर चढवून सगळे झाकून टाकण्याचा सल्लाही कोणी ना कोणी देतोच. तो मानू नये, कारण ओलावा आत कोंडतो आणि कूज नजरेआड वाढत राहते.

त्याहून मोठी अडचण अशी की लाकूड आपल्या सवडीची वाट पाहत नाही. उन्हात ठेवले तर फळ्या आकसून सांधे उघडतात, पाण्यात ठेवले तर कीड पोखरते, आणि सांध्यांत कापूस ठोसून राळ-तेल भरण्याचे काम अर्धवट टाकून पंधरा दिवसांनी आले की पुष्कळसे पुन्हा करावे लागते. शिवाय होडीचे काम जाणणारा सुतार त्याला वेळ असेल तेव्हा येतो, आणि तो दिवस रविवारच असेल असे नाही.

फायबरचे तसे नसते. वर ताडपत्री नीट बांधली की काम कुठेही थांबवता येते आणि महिन्याने तिथूनच पुढे सुरू करता येते. पारखायचे कसे, तर शहाळे वाजवून पाहतात तसे छोट्या हातोडीने ठोकत जावे. टणटणीत आवाज मध्येच बद्द झाला तर तिथले थर सुटलेले असण्याचा संभव असतो. वरची फळी पायाखाली दबत असेल तर आतले प्लायवूड भिजलेले आहे असे समजावे. ते बदलताना आयएस ७१० या भारतीय मानकाचे, पाण्यात टिकणारे मरीन प्लायच घ्यावे. खरा खर्च सहसा सांगाड्यात नसून शिडे, डोलकाठीच्या तारा आणि तळाखाली पाण्यात उतरणाऱ्या पात्यात असतो. खोल पात्याची नौका ओहोटीला खाडीच्या चिखलात सरळ बसत नाही आणि ती वर काढायला क्रेन लागते, म्हणून पाते वर उचलता येईल अशीच नौका शोधावी.

आता दिवसांचा हिशेब. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि दमट हवेत फायबरचे थर जोडणारे रेझिन नीट धरत नाही, त्यामुळे उघड्यावर काम करायला ऑक्टोबर ते मे एवढेच महिने उरतात. त्यांतले सुमारे ३५ शनिवार-रविवार धरले तर ७० दिवस होतात, आणि प्रवास, लग्ने व आजारपणे वजा जाता ५० हाती लागले तरी पुष्कळ. फायबरच्या छोट्या नौकेला असे दोन हंगाम पुरतात. लाकडी होडीला मुळीच पुरत नाहीत. होडी किनाऱ्यावर ओढायची तर उधाणाची भरती लागते आणि ती पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास येते. तिला कार्यालयाची सुटी ठाऊक नसते.

म्हणून फायबरची नौका घेणाऱ्याने निदान एक हंगाम नोकरी सांभाळून काम करावे, असे मी सांगेन. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, आणि उपदानासाठी (ग्रॅच्युइटीसाठी) कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांची सेवा लागत असल्याने साडेचार वर्षांवर राजीनामा देणे महागात पडते. लाकडीच होडी हवी असेल तर नोकरी सोडावीच लागेल, पण वर्षभराचा घरखर्च होडीच्या पैशांपासून वेगळा काढून ठेवल्यावर, आणि कार्यालयातला शेवटचा दिवस सप्टेंबरअखेर येईल अशा बेताने. मार्चअखेर सोडणाऱ्याला कामाचे जेमतेम दोन महिने मिळतात आणि पुढचे चार महिने तो साठवणीतले पैसे खात पावसाकडे बघत बसतो. पैसे मोजण्याआधी होडीची कागदपत्रे विकणाऱ्याच्याच नावावर आहेत ना, हे महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात जाऊन विचारावे.