दुधाच्या दाढांसाठी रोटरी फाइल्स : 9 महिन्यांचा अनुभव आणि एक सैल स्टॉपर

परवा सहा वर्षांच्या एका मुलाच्या 75 नंबरच्या दाढेचं, म्हणजे खालच्या डाव्या दुसऱ्या दुधाच्या दाढेचं, काम चालू होतं. एक्स-रेवरून डिस्टल कॅनालची, म्हणजे मागच्या मुळातल्या नळीची, लांबी 13 मिमी ठरवली. ही नळी खरवडून साफ करणाऱ्या बारीक सुईला फाइल म्हणतात, ती मोटरवर फिरणारी असली की रोटरी. किती आत जायचं ते दाखवणारं तिच्यावरचं रबरी कडं म्हणजे स्टॉपर. तो 13 वर आणला, मोजपट्टीवर दोनदा बघितला. काम संपवून पेपर पॉइंट (कॅनाल सुकवायची कागदी कांडी) आत घातला, तर त्याचं टोक दोन मिलिमीटर लाल होऊन बाहेर आलं. फाइल पुन्हा मोजली. स्टॉपर 15 वर सरकला होता, म्हणजे फाइल मुळाच्या टोकाबाहेर गेली होती.

मोठ्यांच्या दातात हे झालं तर दोन दिवस दुखतं, मग थांबतं. दुधाच्या दाढेच्या मुळांच्या कुशीत मात्र कायमच्या दाताची कळी बसलेली असते. मुळाच्या बाहेर गेलेली फाइल तिच्याच दिशेने जाते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला बसले.

कोथरूडला माझं छोटं क्लिनिक आहे. मुलांच्या पल्पेक्टमी, म्हणजे दुधाच्या दातांचे रूट कॅनाल, मी कित्येक वर्षं हातानेच केल्या, के-फाइल आणि एच-फाइल या हाताने फिरवायच्या फाइल्स वापरून. दुधाच्या दातांत निकेल-टायटॅनियमच्या रोटरी फाइल्स वापरल्याचं बार आणि सहकाऱ्यांनी 2000 साली लिहिलं, पण त्या मोठ्यांच्याच फाइल्स होत्या. 21 मिमीची फाइल मोटरच्या डोक्यात अडकवून सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात मागच्या दाढेपर्यंत न्यायची म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. पुढे आपल्याकडे खास मुलांसाठी 16 मिमीच्या केडो-एस आल्या, तेव्हा ही अडचण सुटली. माझ्याकडचा सेट दुसऱ्या कंपनीचा आहे, लांबी तीच.

आधी चांगलं सांगते. वेळ खरंच वाचतो. खालच्या दुसऱ्या दाढेचे तीन कॅनाल हाताने साफ करायला मला वीस-पंचवीस मिनिटं लागायची, आता दहाच्या आत होतं. मुलाचा धीर पंधराव्या मिनिटाला सुटतो, त्यामुळे हा फरक फार मोठा आहे. मोटरचा आवाजही दात कोरायच्या एअरोटरसारखा किंचाळणारा नाही, बारीक गुणगुण असते. एका मुलीने तर आईला विचारलं, "झालं पण?"

तिसऱ्या महिन्यात मी एका मैत्रिणीला सांगितलं होतं, डोळे झाकून घे, पैसे वसूल आहेत. आज तसं म्हणणार नाही. दुधाच्या दाढेचा कॅनाल गोल नसतो, फितीसारखा चपटा असतो. गोल फिरणारी फाइल मधला भाग सुंदर साफ करते आणि दोन्ही कडांना हातही लावत नाही. रोटरीनंतर एच-फाइल कडांवरून फिरवावीच लागते, हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणाने भरपूर धुवावं लागतं. सुरुवातीला 10 किंवा 15 नंबरच्या बारीक के-फाइलने वाट करून घ्यायची असते, तीही टाळता येत नाही. थोडक्यात, हाताच्या फाइल्स कपाटात ठेवायची वेळ आलेली नाही.

पैशांचं सांगायचं तर मी काटकसरी आहे, एक फाइल जास्तीत जास्त वेळा वापरावी असं मला वाटायचं. स्टीलची फाइल थकली की तिचे पीळ उलगडलेले दिसतात, आपण टाकून देतो. ही निकेल-टायटॅनियमची फाइल वरून धडधाकट दिसते आणि एक दिवस आतच तुटते. माझी पाचव्या महिन्यात तुटली. नशिबाने तुकडा वरच होता, निघाला. तेव्हापासून पाच दाढा झाल्या की फाइल बाद, आणि तो खर्च मी आधीच फीमध्ये धरते. पालक विचारतात, "मॅडम, पडणारच आहे ना ती, मग एवढा खर्च कशाला?" ही दाढ दहा-अकराव्या वर्षापर्यंत जागा धरून ठेवते, आधी काढली तर सहाव्या वर्षी येणारी मागची दाढ पुढे सरकते, हे मी प्रत्येकाला एक्स-रे दाखवून समजावते.

पण माझी खरी तक्रार त्या रबरी स्टॉपरबद्दलच आहे. नव्या फाइलवर तो घट्ट असतो, बोटाने ढकलावा लागतो. ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) तीन-चार वेळा गेला की त्याचं भोक सैल होतं. हे आधी माझ्या नव्हे, आमच्या मावशींच्या लक्षात आलं होतं. फाइल्स ट्रेमध्ये लावताना त्या म्हणाल्या होत्या, "मॅडम, ही रबरं आपोआप घसरतायत बघा." मी तेव्हा हो म्हटलं आणि विसरले. डीलरला फोन केला तर उत्तर मिळालं, "फाइल एकदाच वापरायची असते." मग पाकिटावर निर्जंतुक करण्याचं तापमान कशाला छापलंय, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. एवढी महाग फाइल घडवणाऱ्यांना दोन रुपयांचं रबर घट्ट राहील असं करता येऊ नये, याचा मला मनापासून राग येतो.

आता सुट्या स्टॉपरची पिशवी वेगळी मागवली आहे. प्रत्येक ऑटोक्लेव्हनंतर मावशी जुनं रबर काढून नवीन घालतात, आणि फाइल कॅनालमधून बाहेर आली की मी ती लगेच पुन्हा मोजते. त्या मुलाची दाढ मेटापेक्स या पेस्टने भरली, वर स्टीलची कॅप बसवली. काय झालं ते त्याच्या आईला त्याच दिवशी सांगितलं. सध्या दुखत नाहीये. पुढचा एक्स-रे तीन महिन्यांनी काढणार आहे.